वयस्कर आईवडिलांची ईसीटी आणि स्मरणशक्ती: आधी, दरम्यान आणि नंतर घरच्यांनी काय करायचं

सत्तरीतल्या आईला किंवा वडिलांना तीव्र नैराश्य आलंय. दोन-तीन औषधं बदलून झाली, जेवण सुटलं, वजन उतरत चाललंय, आणि मनोविकारतज्ज्ञ म्हणतात, "आता ईसीटीचा विचार करू." ईसीटी म्हणजे इलेक्ट्रोकन्व्हल्सिव्ह थेरपी, लोकांच्या भाषेत 'शॉक ट्रीटमेंट'. घरी परतताना गाडीत पहिला प्रश्न बहुतेकदा एकच असतो: डोक्याला शॉक दिल्यावर ती आम्हाला ओळखेल ना?

ओळखेल. पण उपचारांच्या आठवड्यांत काय काय घडलं, त्यातलं बरंच तिच्या लक्षात राहणार नाही. त्याआधीच्या काही महिन्यांतल्या काही आठवणीही पुसट होतील. त्यातल्या पुष्कळ परत येतील, काही कायमच्या जाऊ शकतात. नवीन गोष्ट शिकण्याची आणि लक्षात ठेवण्याची क्षमता बहुतेकांची काही आठवड्यांत पूर्ववत होते. हे नुकसान किती होईल ते उपचार कोणत्या पद्धतीने दिले जातात यावर पुष्कळसं ठरतं. आणि नुकसान खरंच झालं का, हे सांगता यायचं असेल तर पहिल्या शॉकच्या आधी स्मरणशक्ती कशी होती याची लेखी नोंद हाताशी लागते. सहा महिन्यांनी "आईला हल्ली काही आठवत नाही" अशी तक्रार घेऊन डॉक्टरांकडे गेलात आणि आधीची नोंदच नसेल, तर दोष नैराश्याचा, ईसीटीचा की सुरू होत असलेल्या डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा), हे कोणीही खात्रीने सांगू शकत नाही. म्हणून या लेखात त्या नोंदीवर मी सगळ्यात जास्त जागा खर्च केली आहे.

मेंदूत काय बदलतं

ईसीटीत गुण येण्यासाठी मेंदूत आकडी यावी लागते. वीज हे ती आणण्याचं साधन. प्रवाह फार तर काही सेकंद दिला जातो, आकडी साधारण वीस सेकंद ते मिनिटभर चालते. रुग्णाला भूल दिलेली असते आणि स्नायू सैल करणारं औषधही, त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला पायाच्या बोटांची किंवा पापण्यांची थरथर दिसते, इतकंच. १९३८ साली रोममध्ये उगो चेर्लेत्ती आणि लुचो बिनी यांनी हा उपचार पहिल्यांदा केला तेव्हा तो भुलीशिवाय होता. सिनेमांमुळे आपल्या मनात जे चित्र बसलंय ते त्या जुन्या पद्धतीचं आहे.

स्मरणशक्तीच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग म्हणजे हिप्पोकॅम्पस. कानशिलांच्या आत खोलवर, दोन्ही बाजूंना एकेक. दिवसभरात घडलेल्या गोष्टींची टिकाऊ आठवण तयार होते ती याच्या मदतीने. वयानुसार तो थोडा आकसतो, आणि दीर्घकाळ नैराश्य असलेल्यांमध्येही तो सरासरीने लहान आढळतो. ईसीटीच्या आधी आणि नंतर एमआरआय काढून तुलना केली तेव्हा संशोधकांना दिसलं की उपचारांनंतर त्याचं आकारमान वाढतं. अनेक देशांतल्या केंद्रांनी एकत्र येऊन केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २८१ रुग्ण होते. जितके शॉक जास्त तितकी वाढ जास्त, असं त्यात दिसलं.

ही बातमी वाचून "मेंदू वाढला म्हणजे बरा झाला" असं वाटणं साहजिक आहे. पण त्याच अभ्यासात आकारमानाची वाढ आणि नैराश्यातली सुधारणा यांचा मेळ बसला नाही. शिवाय पुढच्या काही महिन्यांत ही वाढ ओसरून हिप्पोकॅम्पस पूर्वीच्या आकाराकडे परततो, तरी रुग्ण बरा राहू शकतो. ज्यांचा हिप्पोकॅम्पस जास्त वाढला त्यांची स्मरणशक्ती त्या काळात जास्त घसरली, असंही काही अभ्यासांत आढळलंय. प्राण्यांवरच्या प्रयोगांत आकडीनंतर हिप्पोकॅम्पसच्या एका भागात नव्या चेतापेशी तयार होताना आणि पेशींच्या वाढीला पोषक प्रथिनं वाढताना दिसली आहेत. माणसात मात्र ही वाढ नव्या पेशींची, पेशींमधल्या जोडण्यांची, रक्तवाहिन्यांची की ऊतींमधल्या पाण्याची, यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. मेंदूतल्या पेशी मरतात तेव्हा रक्तात वाढणारे काही घटक ईसीटीनंतर तपासले गेले. ते वाढलेले आढळले नाहीत.

यातून घरच्यांनी घ्यायचं ते एवढंच: केवळ ईसीटीचा परिणाम पाहण्यासाठी स्वतःहून एमआरआय काढत बसू नका. एका रुग्णाच्या फिल्मवरून त्याची स्मरणशक्ती सुधारेल की बिघडेल हे सांगता येत नाही. उपचारांआधी डॉक्टर स्कॅन सांगतात तो गाठ, ताजा पक्षाघात, रक्तस्राव अशा गोष्टी नाहीत ना, हे पाहण्यासाठी. तो जरूर करा.

आता आठवणी नेमक्या का जातात? आकडीनंतर काही काळ हिप्पोकॅम्पसला नवी नोंद पक्की करणं जमत नाही, आणि अलीकडच्या ज्या आठवणी अजून पक्क्या व्हायच्या असतात त्यांना धक्का लागतो. नुकत्याच सारवलेल्या जमिनीवर पाऊल उमटतं, वाळलेल्यावर उमटत नाही, तसं. म्हणून लग्न, माहेर, नोकरी, मुलांची नावं शाबूत राहतात, आणि गेल्या गणपतीत कोण येऊन गेलं ते आठवत नाही.

वय झालेल्या मेंदूत गंगाजळी कमी असते. वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने आणि मधुमेहाने बारीक रक्तवाहिन्यांचं नुकसान झालेलं असू शकतं. त्यामुळे प्रत्येक शॉकनंतर भानावर यायला तरुणांपेक्षा जास्त वेळ लागतो. न्यूयॉर्क परिसरातल्या सात रुग्णालयांमधल्या ३४७ रुग्णांचा सहा महिने पाठपुरावा करून २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वाढतं वय हे स्मरणशक्तीला जास्त फटका बसण्याचं एक कारण ठरलं. दुसरं, आणि आपल्या हातात असलेलं कारण होतं इलेक्ट्रोड (वीज देण्यासाठी डोक्याला लावतात त्या चकत्या) कुठे लावले ते. त्याबद्दल पुढे सविस्तर.

डिमेन्शियाची भीती बहुतेक घरांत असते. डेन्मार्कमध्ये मनोदशेच्या आजारांच्या १,६८,०१५ रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या, त्यातल्या ५,९०१ जणांना ईसीटी मिळाली होती. २०१८ साली जाहीर झालेल्या निष्कर्षानुसार ईसीटी घेतलेल्यांमध्ये डिमेन्शियाचं प्रमाण वाढलेलं नव्हतं, सत्तरीपुढच्यांमध्येही नाही. पण उतारवयात पहिल्यांदाच आलेलं नैराश्य हे कधीकधी डिमेन्शियाचीच सुरुवात असते, हे विसरू नका. अशा माणसाला पुढे डिमेन्शिया झाला की घरचे ईसीटीला दोष देतात. पुन्हा तोच मुद्दा: आधीची नोंद.

हा धोका पत्करायचा कशासाठी

ज्येष्ठांमध्ये ईसीटीचा गुण तरुणांपेक्षा कमी येत नाही, उलट बऱ्याचदा जास्त येतो. अमेरिकेत ६० वर्षांवरच्या २४० रुग्णांवर झालेल्या 'प्राइड' अभ्यासात (निष्कर्ष २०१६) ६१.७ टक्के रुग्ण नैराश्यातून पूर्ण बाहेर आले, आणि त्यांना सरासरी ७.३ शॉक लागले. त्यात स्मरणशक्तीला सौम्य असलेली पद्धत वापरली होती. जेवण-पाणी बंद होणं, आत्महत्येचा ध्यास, "माझे आतडेच सडलेत" किंवा "घरावर जप्ती येणार" अशा भ्रमांसह आलेलं नैराश्य, तासन्‌तास न बोलता न हलता बसून राहणं, अशा अवस्थेत औषधांचा गुण यायची सहा-आठ आठवडे वाट पाहणं वयस्कर माणसाला परवडत नाही. मृत्यूचा धोका लाख उपचारांमागे साधारण दोन इतका, म्हणजे छोट्या शस्त्रक्रियेसाठीच्या भुलीइतका आहे.

आणखी एक: तीव्र नैराश्यात स्मरणशक्ती आधीच कोसळलेली असते. लक्ष लागत नाही, विचारलेल्याला "माहीत नाही" एवढंच उत्तर येतं. ८४ अभ्यास एकत्र करून २०१० मध्ये केलेल्या विश्लेषणात चाचण्यांमधली घसरण मुख्यतः शेवटच्या शॉकनंतरच्या पहिल्या तीन दिवसांपुरती होती, आणि पंधरा दिवसांनंतर बरेच गुण उपचारांआधीच्याही वर गेले होते. पण या चाचण्या नवीन गोष्ट शिकणं, लक्ष, विचारांचा वेग असं मोजतात. स्वतःच्या आयुष्यातल्या हरवलेल्या आठवणी त्यात सापडत नाहीत. रुग्णांच्या स्वतःच्या सांगण्याचा आढावा २००३ मध्ये घेतला गेला तेव्हा किमान एकतृतीयांश लोकांनी टिकून राहिलेल्या विस्मरणाची तक्रार केली होती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. जो डॉक्टर "काहीच होत नाही" म्हणतो आणि जो नातेवाईक "मेंदू जळतो" म्हणतो, दोघांवरही मी विश्वास ठेवणार नाही.

पहिली पायरी: पहिल्या शॉकच्या आधीची नोंद

डॉक्टरांना स्पष्ट सांगा: "सुरू करण्याआधी स्मरणशक्तीची चाचणी करून तारीख टाकून कागद द्या." एमएमएसई किंवा मोका या दोन्ही ३० गुणांच्या छोट्या चाचण्या ओपीडीत होऊ शकतात. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेतल्या डॉक्टरांनी तर खास ईसीटीमुळे होणारं विस्मरण मोजण्यासाठी अर्ध्या तासाच्या आत होणारा चाचण्यांचा संच तयार केला आहे. मोठ्या रुग्णालयात मानसशास्त्रज्ञ असतील तर त्याबद्दल विचारा. चाचणी मराठीत घ्यायला सांगा आणि आई किती शिकली आहे ते आधी सांगा. चौथी शिकलेल्या बाईला घड्याळाचं चित्र काढता आलं नाही, याचा अर्थ निवृत्त मुख्याध्यापिकेला ते न येण्यापेक्षा वेगळा असतो. ऐकू कमी येत असेल तर यंत्र लावून, चष्मा घालून चाचणी द्यायला बसवा. आई अजिबात बोलत नसेल तर चाचणी होणार नाही. मग "बोलत नसल्यामुळे झाली नाही" हेसुद्धा लिहून घ्या.

दवाखान्याची चाचणी जे पकडत नाही ते घरच्या वहीत पकडायचं. एक साधी दोनशे पानी वही घ्या. त्यात दोन भाग करा.

पहिल्या भागात, आजारी पडण्याआधी आई काय काय स्वतः करायची ते लिहा. गोळ्यांचा डबा स्वतः भरायची का? रिक्षाने एकटी बँकेत जायची का? दूधवाल्याचा हिशोब कोण ठेवायचं? फोनवरून पैसे पाठवता यायचे का? नात कोणत्या इयत्तेत आहे हे माहीत होतं का? मग प्रत्येकापुढे, आता नैराश्यात काय स्थिती आहे ते. आजाराआधीचं आणि आजारातलं हे दोन्ही वेगळं लिहिलंत की पुढची तुलना प्रामाणिक होते. नाहीतर चांगल्या दिवसांतल्या आईची तुलना ईसीटीनंतरच्या आईशी होते आणि मधलं नैराश्य हिशोबातून निसटतं.

दुसऱ्या भागात आठवणींचे दहा-बारा प्रश्न. आईशी गप्पा मारत, तिला दमवून न सोडता, दोन दिवसांत विभागून विचारा आणि तिचं उत्तर तिच्याच शब्दांत उतरवा. निम्मे प्रश्न गेल्या वर्षातले असावेत: गेल्या दिवाळीला कोण कोण आलं होतं, शेवटचं गावाला केव्हा गेलो आणि कोणाच्या गाडीतून, शेवटच्या लग्नात कोणती साडी नेसलीस, मोतीबिंदूचं ऑपरेशन कोणत्या डोळ्याचं आधी झालं. निम्मे जुने: पहिली नोकरी, धाकट्याच्या जन्माच्या वेळी कुठे राहत होतो, सासूबाई कशा गेल्या. खरं उत्तर तुम्हाला माहीत असेल असेच प्रश्न निवडा. आईने आत्ताच "आठवत नाही" म्हटलं तर तसंच लिहा. पुढे तीच आठवण गेली म्हणून ईसीटीला दोष लागणार नाही.

याच वेळी व्यवहाराच्या गोष्टी सांभाळून ठेवा. बँकेचा पिन, लॉकरची किल्ली, विम्याची कागदपत्रं, हयातीचा दाखला कधी द्यायचा, कोणाला उसने पैसे दिलेत. ती अलीकडच्या आठवणींतली माहिती आहे, म्हणजे सगळ्यात आधी पुसट होणारी. आईच्या परवानगीने, विश्वासाच्या एकाच माणसाकडे बंद पाकिटात द्या.

दुसरी पायरी: औषधं आणि तपासण्या

सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा, आयुर्वेदिकसुद्धा. लिथियम (मनःस्थिती स्थिर ठेवणारं औषध) चालू असेल तर ईसीटीनंतर गोंधळ वाढू शकतो, म्हणून डॉक्टर ते कमी करतात किंवा आदल्या रात्री थांबवतात. झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्या तसंच फिट्सवरची औषधं आकडी येऊ देत नाहीत; मग जास्त प्रवाह द्यावा लागतो. लघवीवर ताबा राहावा म्हणून, पोटात मुरडा येतो म्हणून किंवा ॲलर्जीसाठी दिलेल्या काही गोळ्या म्हाताऱ्या माणसाची स्मरणशक्ती ईसीटीशिवायही मंदावतात. दम्यासाठी थिओफिलिन घेत असतील तर आवर्जून सांगा, कारण त्यामुळे आकडी लांबू शकते. यातलं काहीही स्वतःहून बंद करू नका.

रक्तात सोडियम, थायरॉइड, बी-१२ आणि साखर पाहून घ्या. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांनी ज्येष्ठांमध्ये सोडियम उतरतं, आणि उतरलेलं सोडियम एकटंच माणसाला भ्रमिष्ट करू शकतं. ईसीजी होतोच, हृदयाचा त्रास असेल तर इकोही. आकडीच्या वेळी आधी नाडी मंदावते आणि लगेच रक्तदाब उसळतो, म्हणून नुकताच हार्ट ॲटॅक किंवा पक्षाघात झाला असेल तर उपचार पुढे ढकलतात. पेसमेकर असला तरी योग्य तयारीने ईसीटी देता येते.

तिसरी पायरी: पद्धतीविषयी विचारायचे प्रश्न

या पायरीवर संकोच करू नका. स्मरणशक्ती किती वाचेल हे इथे ठरतं, आणि डॉक्टरांना प्रश्न विचारणं हा अविश्वास नव्हे.

इलेक्ट्रोड कुठे लावणार? दोन्ही कानशिलांवर लावले तर गुण लवकर येतो, पण विस्मरण जास्त होतं. उजव्या एकाच बाजूला लावले (एक कानशिलावर, दुसरा टाळूजवळ) तर भाषा आणि शब्दांची स्मृती सांभाळणारी डावी बाजू बऱ्याच अंशी वाचते. वर सांगितलेल्या ३४७ रुग्णांच्या अभ्यासात सहा महिन्यांनंतरही जुन्या आठवणींचं नुकसान दोन्ही बाजूंच्या पद्धतीत जास्त होतं. आपल्याकडे अनेक ठिकाणी दोन्ही बाजूंची पद्धतच रूढ आहे. जिवावर बेतलेलं असेल, खाणंपिणं पूर्ण बंद असेल, तर ती निवडण्यामागे रास्त कारण आहे. तसं नसेल, तर "उजव्या बाजूने सुरू करून गुण आला नाही तर बदलू या का?" असं जरूर विचारा.

पल्सची रुंदी, म्हणजे विजेचा एकेक ठोका किती वेळाचा? जुनी यंत्रं लहरींच्या स्वरूपात प्रवाह देत. त्याने विस्मरण सर्वाधिक होई. आजची चांगली यंत्रं तुटक तुटक, अतिशय छोटे ठोके देतात. अर्ध्या मिलिसेकंदाहून छोट्या ठोक्यांना अल्ट्राब्रीफ म्हणतात. स्मरणशक्तीला ते सगळ्यात सौम्य, पण कधीकधी शॉकची संख्या थोडी वाढते. 'प्राइड'मध्ये उजवी बाजू आणि अल्ट्राब्रीफ हीच जोडी होती.

डोस कसा ठरवणार? आकडी येण्यासाठी लागणारा किमान प्रवाह प्रत्येकाचा वेगळा असतो. वयाबरोबर तो वाढतो, पुरुषांत जास्त असतो. पहिल्याच वेळी थोडा थोडा वाढवत तो शोधला तर पुढे गरजेपेक्षा जास्त वीज दिली जात नाही. एका बाजूच्या पद्धतीत मात्र या किमान पातळीच्या साधारण सहापट प्रवाह लागतो, दोन्ही बाजूंच्या पद्धतीत दीडपट. म्हणून "कमी वीज द्या हो" अशी गळ घालू नका. अपुऱ्या डोसने आकडी येते, भुलीचा धोका होतो आणि गुण मात्र येत नाही.

आठवड्यातून किती वेळा? तीनदा दिल्यास लवकर फरक पडतो, दोनदा दिल्यास स्मरणशक्तीला श्वास घ्यायला वेळ मिळतो आणि शेवटचा परिणाम जवळपास तोच येतो. घाई नसेल तर ज्येष्ठांसाठी दोनदाच, असं माझं मत आहे. एकूण साधारण ६ ते १२ शॉक लागतात. "बारा लिहिलेत म्हणजे बारा द्यायचेच" असं नसतं. पूर्ण बरं वाटलं आणि दोन-तीन वेळा त्यापुढे सुधारणा झाली नाही, तर थांबतात.

संमती आणि कायदा

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार भूल आणि स्नायू सैल करणारं औषध न देता ईसीटी देण्यावर बंदी आहे. तातडीचा उपचार म्हणून संमतीविना ती देता येत नाही. आईला समजत असेल तर सही तिची; मुलाची सही तिच्या जागी चालते असं मानू नका. तिची समज आजारामुळे हरवली असेल, तर कायद्यात नामनिर्देशित प्रतिनिधीची, म्हणजे तिच्या वतीने निर्णयात मदत करणाऱ्या नेमलेल्या माणसाची तरतूद आहे. आई आज ठीक असेल आणि आजार उलटण्याची भीती असेल, तर तिची इच्छा अग्रिम निर्देशात लिहून ठेवता येते. संमतीपत्रात विस्मरणाचा उल्लेख आहे ना, तो वाचून पाहा. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीची प्रादेशिक मनोरुग्णालयं, बांबोळीची गोव्याची संस्था, वैद्यकीय महाविद्यालयांचे मनोविकार विभाग, यांपैकी जवळच्या ठिकाणी दुसरं मत घेण्यात काहीच गैर नाही. कुठे जायचं हेच कळत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येतं.

उपचाराची सकाळ

आदल्या रात्रीपासून जेवण नाही. पाणी कधीपर्यंत चालेल ते भूलतज्ज्ञ सांगतील. रक्तदाबाची गोळी बहुधा घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात, साखरेची उपाशीपोटी देत नाहीत. कवळी काढा, हलणारा दात असेल तर दाखवा, केसांना तेल लावू नका.

आई बाहेर आली की घड्याळ पाहा. डोळे उघडल्यापासून स्वतःचं नाव, आपण कुठे आहोत, आज वार कोणता, हे नीट सांगेपर्यंत किती मिनिटं गेली ते वहीत लिहा. हा आकडा फार मोलाचा आहे: भानावर यायला जितका वेळ लागतो, तितकं पुढे जुन्या आठवणींचं नुकसान जास्त, असा संबंध संशोधनात दिसला आहे. चौथ्या वेळी वीस मिनिटं आणि सहाव्या वेळी पाऊण तास झाला, तर पुढच्या शॉकआधी तो आकडा डॉक्टरांच्या कानावर घाला. बाजू बदलणं, अंतर वाढवणं, डोस पुन्हा पाहणं हे सगळं त्यांना करता येतं.

तिने "मी इथे कशी आले?" असं पाचव्यांदा विचारलं तरी पाचव्यांदाही तेच, तेवढ्याच शांतपणे सांगा: "आई, दवाखान्यात आहेस, उपचार झाले, मी मिनू, आता घरी जाऊ." चष्मा आणि ऐकण्याचं यंत्र लगेच लावा. डोकेदुखी, जबडा दुखणं, मळमळ हे होतं आणि त्याच दिवशी उतरतं. गोंधळ संध्याकाळपर्यंत टिकला, ती कुणाला मारायला धावली, ओळखीचं माणूस ओळखेना, किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा वाटला, तर वाट पाहू नका, थेट दवाखाना गाठा.

उपचार चालू असताना घरी

उपचारांच्या या आठवड्यांत एकटं बाहेर पाठवू नका, गाडी चालवू देऊ नका, गॅसजवळ कुणीतरी असू द्या. गोळ्या तुम्ही हातात द्या. घर विकणं, मृत्युपत्र, मुदत ठेव मोडणं, कशावरही सही नको. येणाऱ्याजाणाऱ्यांची नोंद रोज दोन ओळींत वहीत करा, कारण पुढे "मला भेटायला कुणीच आलं नाही" असं तिला मनापासून वाटेल आणि ती वही दाखवली की तिचं दुःख हलकं होईल. भिंतीवर दिनदर्शिका लावून गेलेला दिवस खोडत चला.

दर तीन-चार शॉकनंतर छोटी चाचणी पुन्हा व्हावी, शॉक झाल्यावर लगेच नव्हे तर पुढच्या शॉकच्या आधी. तेच ते शब्द पाठ होऊ नयेत म्हणून चाचणीची वेगळी आवृत्ती वापरायला सांगा.

परीक्षा घेणारे नातेवाईक ही घरोघरची अडचण आहे. मावशी येतात आणि पलंगाशी बसून विचारतात, "सांग बघू मी कोण?" प्रेमाने विचारतात, पण उत्तर नाही आलं की आई खचते. आल्याबरोबर स्वतःची ओळख सांगायची, "मी सुमन, सांगलीहून आलेय," असा घरात नियमच करा.

उपचार संपल्यावर

तीन वेळा मोजमाप करा: साधारण दोन आठवड्यांनी, दोन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी. तीच चाचणी, तेच वहीतले प्रश्न. दोन आठवड्यांनी नवीन गोष्ट लक्षात राहायला लागलेली दिसायला हवी: सकाळी सांगितलेलं संध्याकाळी आठवणं, मालिकेची कालची कथा सांगता येणं. जुन्या आठवणी त्यापेक्षा हळू परततात आणि त्यातल्या काही प्रसंग समोर आल्याशिवाय परतत नाहीत. लग्नाचे फोटो, फोनमधले व्हिडिओ, गावाकडच्या माणसाशी गप्पा यांनी धागा पुन्हा हाती लागतो. उपचारांच्या आठवड्यांतलं जे गेलं ते बहुधा गेलंच. ते आठवायला लावून तिला दमवू नका, वहीतून वाचून दाखवा.

सहा महिन्यांनीही रोजचे व्यवहार आजाराआधीसारखे जमत नसतील, तर डॉक्टरांकडे वही घेऊन जा. आधी पाहायचं ते नैराश्य पूर्ण गेलंय का. अर्धवट राहिलेलं नैराश्य हे विस्मरणाचं सगळ्यात नेहमीचं आणि उपचार होण्याजोगं कारण आहे. मग सोडियम, बी-१२, थायरॉइड, झोपेच्या गोळ्या, ऐकू येणं, मोतीबिंदू. हे सगळं ठीक असून सहा महिन्यांचे गुण दोन महिन्यांच्या गुणांपेक्षाही खाली जात असतील, तर मेंदूविकारतज्ज्ञाकडून डिमेन्शियाची तपासणी करून घ्या. ईसीटीचं विस्मरण काळाबरोबर कमी होतं किंवा आहे तिथे थांबतं. महिन्यामागून महिना वाढत जाणारं विस्मरण दुसरं काहीतरी सांगत असतं.

एका गोष्टीकडे मात्र बरं वाटल्याच्या आनंदात दुर्लक्ष होतं. ईसीटीने नैराश्य उतरतं, पण ते परत न येण्याची हमी मिळत नाही. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ईसीटीने बरे झालेल्यांपैकी ज्यांना नंतर बिनऔषधाची गोळी दिली, त्यांच्यातल्या ८४ टक्के लोकांना सहा महिन्यांच्या आत आजार उलटला. नॉर्ट्रिप्टिलिन हे नैराश्यावरचं औषध आणि लिथियम अशी जोडी मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. आजार उलटला की पुन्हा पूर्ण कोर्स, आणि स्मरणशक्तीवर पुन्हा तोच भार. म्हणून नंतरच्या गोळ्या विस्मरणाच्या भीतीने परस्पर बंद करू नका. डॉक्टरांनी महिन्यातून एखादी देखभालीची ईसीटी सुचवली, तर तिच्या आधी छोटी चाचणी आणि नंतर भानावर येण्याची मिनिटं, हे दोन आकडे त्याच वहीत लिहीत राहा. पुढची ईसीटी महिन्याने घ्यायची की दीड महिन्याने, हे ठरवताना डॉक्टरांना त्यांचाच उपयोग होईल.